बाराचा खेळ, बाल्कनी

आईची पोथी उन्हात ठेवावी म्हणून आज सकाळी गच्चीवर नेली, तेव्हा अकराव्या अध्यायाच्या पानांतून गुलाबी कागदाचे एक चिठोरे खाली पडले. आधी वाटले, देवळातल्या अभिषेकाची पावती असावी, कारण फाटक्या कडेला ‘मंदिर, सोलापूर’ एवढीच अक्षरे शिल्लक होती. चष्मा पुसून पुन्हा पाहिले, तर त्याखाली ‘बाल्कनी’ असा शब्द होता आणि निळ्या पेन्सिलीने गिरवलेला आसन क्रमांक होता, बी ११. मंदिर होते, पण ते चित्रमंदिर होते. शिक्क्यातले साल शाईत बुडून गेले आहे. ‘खेळ १२’ मात्र स्वच्छ वाचता येते.

तिकीट एकाच माणसाचे आहे.

आता दुपार टळून गेली, तरी हे एवढेसे चिठोरे मनातून जात नाही. आम्ही सिनेमाला जात असू ते सहाच्या खेळाला, सगळे मिळून, आणि तेही स्टॉलमध्ये. भागवतला जायचे की मीनाला, हे आप्पा ठरवीत आणि जाणे व्हायचे ते दिवाळीत किंवा गड्ड्याच्या दिवसांत, म्हणजे संक्रांतीला नंदीध्वज पाहून झाले आणि खिशात काही उरले तर. बाल्कनीच्या जिन्याकडे आम्ही मुले बघत असू ते दुसऱ्याच्या ताटाकडे बघावे तसे. आई तर निघतानाच कुरकुर करी. अंधारात तीन तास बसून डोके उठते, पडद्यावरच्या बायकांना घरी कामे नसतात का, असे तिचे ठरलेले बोलणे असे आणि मध्यंतरात ती घरून आणलेले शेंगदाणे काढून देई, म्हणजे बाहेरच्या वड्यासाठी कोणी हट्ट धरू नये. त्या आईने एकटीने, भर दुपारी, बाल्कनीत बसून सिनेमा पाहिला आणि मला तो कधी सांगितला नाही.

खरे सांगायचे तर राग आला आहे. साठीच्या माणसाला शोभणारा नव्हे, जत्रेत मागे राहिलेल्या पोराचा. मला का नेले नाही? बाल्कनीत का नेले नाही? मी तर मांडीवरसुद्धा बसलो असतो, म्हणजे माझे तिकीट पडले नसते.

कोणता सिनेमा होता, हे कळायला मार्ग नाही. त्या काळच्या तिकिटावर सिनेमाचे नाव छापतच नसत. थिएटर, वर्ग, खेळाची वेळ, दर आणि दराखाली वेगळ्या ओळीत करमणूक कर, एवढाच मजकूर असे. १ जुलै २०१७पासून तो कर वस्तू व सेवा करात विरून गेला. या चिठोऱ्यावर ती ओळ आहे, पण आकडा नेमका घडीवर आल्यामुळे झिजला आहे, त्यामुळे तिने किती पैसे मोडले, तेही समजत नाही. दुपारच्या खेळाला बहुधा जुने सिनेमे लागत, कधी तेलुगूही. आमच्या पेठेत निम्म्या घरांत तेलुगू बोलली जाई आणि शेजारणींच्या संगतीने आईला ती चांगली समजत असे. भाकऱ्या कडक करायला तव्याभोवती उभ्या करताना ती एक चाल गुणगुणत असे, शब्दांवाचून. आम्ही ते एखादे भजन असेल असे समजत होतो.

आणखी एक गोष्ट आठवते. शशिकलेने पडद्यावर कुणाचा संसार मोडला की बाकीच्या बायका बोटे मोडीत, पण आई तिची बाजू घेई. ‘काम तसं दिलंय तिला, ती काय करणार? आपल्या सोलापूरची आहे ती,’ असे म्हणे. सोलापूरची होती हे खरेच, पण तिच्या कोणत्या सिनेमात कोणते काम होते, हे आईला इतके नेमके ठाऊक कसे, असा प्रश्न तेव्हा कोणालाच पडला नाही. आप्पांना तर पडणे शक्यच नव्हते. डॉ. कोटणीसांवर शांतारामबापूंनी काढलेला १९४६ सालचा चित्रपट त्यांनी लहानपणी पाहिला होता आणि गावच्या माणसावरचा म्हणून त्यांच्या लेखी तो सिनेमा नव्हताच, कर्तव्य होते. बाकीच्यांचे ते काही विचारात घेत नसत.

मी स्वतःला त्या जगातला जाणकार समजत होतो, हे आता आठवून चमत्कारिक वाटते. पेठेतल्या एका ऑपरेटरकाकांनी मला एकदा केबिनमध्ये नेले होते. आत दोन प्रोजेक्टर होते आणि कार्बनच्या कांड्या जळत होत्या, त्यांचा वास कपड्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत येत राहिला. दोन हजार फुटांचे एक रीळ वीस-बावीस मिनिटे चालते आणि ते संपत आले की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर चमकून जातो. तो पाहून दुसरे यंत्र सुरू करायचे आणि पुढचा ठिपका दिसताच पडदा त्याच्या हवाली करायचा, हे मला त्यांनी दाखवले. तेव्हापासून मी सिनेमा कमी आणि तो कोपरा जास्त पाहू लागलो. ठिपका दिसला की अक्काला कोपराने ढोसून ‘बघ, आता रीळ बदलणार’ असे सांगत असे आणि तिच्या चिमट्यालाही दाद देत नसे. एवढेच नव्हे, तर मान मागे वळवून केबिनच्या भोकातून निघालेला प्रकाशाचा झोत पाहत असे. तो विडीच्या धुरातून निळसर होऊन बाल्कनीतल्या माणसांच्या डोक्यांवरून पुढे येई. कोणी मध्येच उठले की डोक्याची सावली पडद्यावर पडे आणि आमच्या बाजूने शिट्ट्या होत. त्या डोक्यांत ओळखीचे एखादे असू शकेल, असे कधी मनातही आले नाही.

चार वाजता अक्काला फोन केला. मला वाटले, ती माझ्याइतकीच हबकेल.

‘असंल की,’ ती म्हणाली. ‘बारा वाजता आपण शाळेत असायचो. आप्पा गिरणीत.’

‘पण एकटी?’

‘मग काय वरात घेऊन जायची? तू तिला विचारून जात होतास का?’ एवढे बोलून तिने दूध उतू जातेय म्हणून फोन ठेवला. अक्काचे दूध नेहमी योग्य वेळी उतू जाते.

तिच्या त्या प्रश्नावर मला उत्तर नव्हते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी रसायनशास्त्राचे प्रॅक्टिकल बुडवून बाराच्या खेळाला मी किती वेळा गेलो, याचा हिशोब ठेवला असता तर तो माझ्या हजेरीपेक्षा भरला असता. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीपार गेलेला असे, तेव्हा थर्डातल्या त्या लाकडी खुर्चीवर, ढेकूण चावत असतानाही, जो थंडावा मिळे तसा पुढे वातानुकूलित जागेतही मिळाला नाही. तिकिटे अर्थातच मी फाडून टाकत होतो. पोथीत ठेवण्याइतका धीर माझ्यात नव्हता.

दुपारभर जो रुसवा धरून बसलो होतो, तो इथे जरा ढिला झाला. तिने चोरून काही केले म्हणावे, तर ज्या पोथीला ती रोज हात लावत होती तिच्यातच खूण म्हणून तिकीट घातले होते. आम्हीच कोणी ती उघडत नव्हतो. अभिषेकाची पावती समजून आप्पांनी ते पाहिलेही असेल आणि नमस्कार करून परत ठेवले असेल.

आता रात्री एक वेगळीच गोष्ट छळते आहे. थर्डाचे दार बोळात उघडत असे आणि बाल्कनीची मंडळी समोरच्या जिन्याने उतरत, त्यामुळे बाहेर पडताना गाठ पडण्याचा प्रश्न नव्हता. मध्यंतरात दिवे लागले की खालच्या आम्हाला वरचे फारसे काही दिसत नसे. पण कठड्यावर हात टेकून खाली पाहिले, तर पुढच्या रांगेतली एकूण एक मान ओळखू येईल अशीच ती रचना होती आणि रीळ बदलताना मागे वळून पाहणारी मान तर एकच होती.

घरी पोहोचलो की आई चहा टाकता टाकता विचारी, ‘आज कॉलेजात काय शिकवलं?’ मी आम्ल आणि अल्कली यांच्याविषयी काहीतरी ठोकून देई आणि ती ते अगदी लक्ष देऊन ऐके. हा प्रश्न ती रोज विचारत असे, असेच मी आजवर धरून चाललो होतो. आता नीट आठवायला बसलो आहे, तर खरोखर प्रयोगशाळेतून आलेल्या एकाही दिवशी तिने तो विचारल्याचे आठवत नाही.