आमची वाटचाल : हापूसचा फॉर्म आणि फ्रेमची उंची

आमची फर्म नक्की काय करते असं कोणी विचारलं की मी सांगतो, हापूसच्या बागायतदारांच्या वेबसाइटवर ऑर्डरचा फॉर्म बसवतो. फॉर्म आमच्या सर्व्हरवर असतो आणि बागायतदाराच्या पानात आयफ्रेममधून दिसतो, म्हणजे त्याच्या पानाला एक चौकोनी खिडकी पाडलेली आणि त्या खिडकीत आमचं पान. पेटी मागवणाऱ्या माणसाला ही खिडकी कळताच कामा नये. ऐकायला सोपं वाटतं, पण या एका गोष्टीत आमची चौदा-पंधरा वर्षं गेलीत आणि त्यातली निम्मी फक्त त्या खिडकीच्या उंचीत गेलीत असं म्हटलं तरी चालेल.

सुरुवात २००९ ची. रत्नागिरीत मारुती मंदिरजवळ एक खोली, मी आणि माझा मावसभाऊ, दोन कॉम्प्युटर आणि एक इन्व्हर्टर कारण दुपारी लाइट जायची. बागायतदारांना साध्या वेबसाइट करून द्यायचो, बागेचे फोटो, फोन नंबर, आणि खाली ऑर्डरचा फॉर्म. माल वाशीला दलालाकडे पाठवायचा सोडून थेट मुंबई-पुण्याच्या घरी पेटी पोचवायची असं बऱ्याच जणांच्या मनात तेव्हा यायला लागलं होतं. पहिल्या सीझनला नऊ साइट झाल्या आणि प्रत्येक साइटमध्ये तोच फॉर्म कॉपी करून टाकलेला. हापूसचा भाव सीझनमध्ये सारखा बदलतो, मार्चमध्ये एक, अक्षय तृतीयेला दुसरा, मे अखेरीला तिसरा, आणि प्रत्येक वेळी नऊ ठिकाणी जाऊन बदल करायचा, त्यात एखादी साइट राहून जायची आणि मग जुन्या भावात ऑर्डर आली की बागायतदाराचा फोन. म्हणून ठरवलं की फॉर्म एकच ठेवायचा आपल्या सर्व्हरवर आणि सगळ्यांच्या पानात तो फ्रेमने दाखवायचा.

फ्रेमची उंची ६०० पिक्सेल दिली आणि स्क्रोलबार बंद केला, कारण फ्रेमच्या आत दुसरा स्क्रोलबार आला की ते गबाळं दिसतं. आमच्या मशीनवर सगळं छान. चार दिवसांनी पावस गावाजवळच्या एका काकांचा फोन आला, "अहो, मुंबईवाले म्हणतायत भाव दिसतो, पत्ता लिहायला जागा आहे, पण पाठवायचं बटणच नाही." मी म्हटलं असं कसं होईल. मग एका गिऱ्हाइकाकडून स्क्रीनचा फोटो मागवला, तेव्हा कळलं. त्याच्या ऑफिसात विंडोज एक्सपी आणि इंटरनेट एक्सप्लोरर ६, मराठी अक्षरं मंगल फॉन्टमध्ये दिसत होती, आणि मंगलची एक ओळ आमच्याकडच्या फॉन्टपेक्षा उंच. बावीस ओळींचा फॉर्म, प्रत्येक ओळ थोडी थोडी वाढत गेली आणि शेवटचं "ऑर्डर पाठवा" हे बटण खिडकीच्या खाली कापलं गेलं. फोटोत त्या बटणाची फक्त वरची हिरवी कड दिसत होती. ती हिरवी रेघ मला अजून आठवते, चार दिवस ऑर्डर येत होत्या आणि आम्ही त्या दारातच अडवून ठेवल्या होत्या. चूक आमचीच होती, आकडा अंदाजाने टाकला होता.

मग वाटलं सोपं आहे, बाहेरच्या पानाने जावास्क्रिप्टने आत डोकावायचं, आतल्या पानाची उंची मोजायची आणि तेवढी फ्रेमला द्यायची. ऑफिसात करून बघितलं, चाललं. लाइव्ह टाकलं आणि मेलं, फायरफॉक्समध्ये "परमिशन डिनाइड", एक्सप्लोररमध्ये "ॲक्सेस इज डिनाइड". कारण ऑफिसात दोन्ही पानं एकाच मशीनवर होती आणि बाहेर बागायतदाराचं डोमेन वेगळं, आमचं वेगळं. एका डोमेनच्या पानाने दुसऱ्याच्या पानात हात घालायचा नाही हा नियम नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळापासून, १९९५ पासून आहे. आणि तो बरोबरच आहे हो, नाहीतर कुठलंही पान तुमच्या बँकेचं पान फ्रेममध्ये उघडून वाचत बसलं असतं. पण आम्हाला फक्त एक आकडा हवा होता.

तेव्हाची पळवाट अशी की आतल्या पानाला बाहेरच्या पानाचा पत्ता वाचता येत नाही पण बदलता येतो. म्हणून आतून बाहेरच्या पत्त्याच्या शेवटी हॅश म्हणजे # लावून उंची लिहायची, आणि बाहेरच्या स्क्रिप्टने दर २०० मिलिसेकंदाला पत्ता बघत राहायचं, आकडा दिसला की घ्यायचा. चाललं, पण काय काय झालं ते सांगतो. उंची बदलली की एक्सप्लोररमध्ये लिंकवर क्लिक केल्यासारखा टिक आवाज यायचा. बॅक दाबलं की माणूस मागच्या पानावर न जाता मागच्या उंचीवर जायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आमच्याकडे नोंदवलेला पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाला आणि गिऱ्हाईक आलाय त्याशिवायच्या पत्त्यावर, तर ब्राउझरला वाटायचं नवीन पान मागितलंय, अख्खं पान रीलोड आणि भरलेला पत्ता, पिनकोड, पेट्यांची संख्या सगळं पुसलं जायचं.

दुसऱ्या सीझनच्या आधी ते सगळं काढलं आणि तिसऱ्या फ्रेमची पद्धत घेतली. बागायतदाराच्या होस्टिंगवर एक छोटी फाइल ठेवायची, आमचा फॉर्म आपल्या पोटात ती फाइल एका न दिसणाऱ्या फ्रेममध्ये उघडणार आणि तिच्या पत्त्यात उंची देणार. ती फाइल बाहेरच्या पानाच्याच डोमेनची, त्यामुळे तिला दोन पायऱ्या वर जाऊन बाहेरच्या पानाचं फंक्शन बोलावता येतं, कोणी अडवत नाही. म्हणजे बाहेरच्या घरातलाच माणूस आपल्या घरात बसवायचा आणि निरोप त्याच्या हाती द्यायचा. यासाठी सतरा बागायतदारांचे एफटीपी (सर्व्हरवर फाइल चढवायचे) पासवर्ड गोळा केले, निम्म्यांना ते माहीतच नव्हते, मावसभाऊ मोटारसायकल घेऊन एकेकाच्या घरी गेला आणि जुन्या डायरीतून पासवर्ड शोधून आणले.

याच काळात ब्राउझरागणिक फरकांची एक दोनशे पानी वही सुरू केली, ती अजून ऑफिसात आहे. त्यातली पहिली दोन पानं फक्त एक्सप्लोररची. स्क्रिप्टने फ्रेम तयार करून नंतर नाव दिलं तर जुना एक्सप्लोरर ते नाव धरत नाही, फॉर्म त्या नावाच्या फ्रेमवर पाठवला की नवीन विंडोच उघडते, म्हणून फ्रेम तयार करतानाच टॅगमध्ये नाव लिहावं लागायचं. फ्रेमबॉर्डरमधला बी कॅपिटल नसेल तर बॉर्डर जात नाही. फ्रेम लोड झाली हे ऑनलोडला फंक्शन लावून कळत नाही, अटॅचइव्हेंट वापरावं लागतं. एवढ्या तेवढ्या गोष्टी, पण एकेक शोधायला एकेक रात्र गेलीय.

पोस्टमेसेज (एका डोमेनच्या पानाने दुसऱ्याला निरोप पाठवायची ब्राउझरचीच सोय) आलं तेव्हा खरा श्वास घेतला. फायरफॉक्स ३ मध्ये २००८ लाच आलं होतं, एक्सप्लोरर ८ मध्ये २००९ ला, पण गिऱ्हाइकांच्या मशीनपर्यंत ते पोचायला वेळ लागला. आता आतल्या पानाने सरळ निरोप पाठवायचा, "माझी उंची ७४२", आणि बाहेरच्याने ऐकायचा. दोन्ही घरांच्या भिंती शाबूत आणि बोलणं खिडकीतून. एक्सप्लोरर ८ आणि ९ ला निरोपात फक्त साधा मजकूर चालायचा, त्यामुळे सगळं जेसनची स्ट्रिंग, म्हणजे मजकुराची एक सलग ओळ, करूनच पाठवायचो, ती सवय आजही ठेवलीय. ६ आणि ७ साठी ती छोटी फाइल मागे चालूच होती.

इथे एक गोष्ट शिकायला आम्हाला पूर्ण सीझन लागला. एका बागायतदाराने साइटवर चॅटचं बटण लावलं आणि त्या दिवसापासून आमची फ्रेम छोटीच राहायला लागली. चॅटवालाही पोस्टमेसेजच वापरत होता, त्याचे निरोप आमच्या स्क्रिप्टला मिळत होते, ती ते आपलेच समजून उलगडायला जायची आणि तिथेच मरायची. पेटी कोणाकडून आलीय ते बघितल्याशिवाय आपण उतरवून घेतो का? तसंच इथे, निरोप आला की पहिल्यांदा ओरिजिन, म्हणजे तो कुठल्या डोमेनवरून आलाय ते, बघायचं, आपल्याच डोमेनचा असेल तरच पुढे, आणि निरोपाच्या आत आपली खूण आहे का तेही बघायचं. आणखी एक, कधीकधी आतलं पान आधी तयार व्हायचं आणि उंची सांगून मोकळं व्हायचं, तेव्हा बाहेरची स्क्रिप्ट ऐकायला बसलेलीच नसायची. म्हणून आता बाहेरचं पान तयार झालं की आधी विचारतं, आणि आतलं तेव्हा परत सांगतं.

पण सगळ्यात जास्त मनस्ताप डबल ऑर्डरींनी दिला. ऑर्डर गेली की आत फक्त दोन ओळींचं "धन्यवाद" यायचं. आम्ही डॉक्युमेंटची, म्हणजे आतल्या अख्ख्या पानाची, स्क्रोलहाइट मोजत होतो आणि ती कधीच फ्रेमच्या सध्याच्या उंचीपेक्षा कमी येत नाही. म्हणजे फ्रेम वाढायची पण परत लहान व्हायची नाही. माणूस खाली बटणापाशी, धन्यवाद वर कुठेतरी, समोर नुसतं पांढरं. त्याला वाटायचं ऑर्डर गेली नाही, मग तो परत भरायचा. दादरच्या एका आजींकडे दोनाच्या जागी चार पेट्या गेल्या, त्यांनी त्या ठेवून घेतल्या आणि शेजारी वाटल्या, पण बागायतदाराला आम्ही आमच्या खिशातून भरून दिलं, ते द्यायलाच हवं होतं. उपाय एवढाच होता की डॉक्युमेंट न मोजता आतल्या सगळ्या मजकुराभोवती एक डिव्ह, म्हणजे न दिसणारा डबा, घालायचा आणि त्याचीच उंची (ऑफसेटहाइट) मोजायची, आणि बाहेरच्या पानाला सांगायचं की फ्रेमचं डोकं स्क्रीनवर आण.

कार्डने पैसे घ्यायला लागलो तेव्हा वेगळीच अडचण आली. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्डाला दुसरी तपासणी सक्तीची केली होती, म्हणजे बँकेचं पासवर्डचं पान मध्ये येणारच. ते पान फ्रेममध्ये उघडायला गेलं की बऱ्याच ठिकाणी कोरं, कारण आपलं पान दुसऱ्याच्या फ्रेममध्ये दाखवू नका असं सांगणारा एक्स-फ्रेम-ऑप्शन्सचा हेडर त्यावर लावलेला. मला ते योग्यच वाटतं, पासवर्ड टाकताना माणसाला वरच्या पट्टीत बँकेचा पत्ता दिसलाच पाहिजे. आम्ही फॉर्मचं टार्गेट टॉपला दिलं, म्हणजे बटण दाबलं की अख्खी विंडो बँकेकडे जाते आणि पैसे भरून बागायतदाराच्या पानावर परत येते. २०१८ पासून क्रोमने माणसाने काही न दाबता फ्रेमने अख्खं पान दुसरीकडे नेणं बंद केलं, तेव्हा आम्हाला काहीच बदलावं लागलं नाही कारण आमच्याकडे आधीपासून माणूसच बटण दाबत होता.

त्याच वर्षी कोकणच्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं आणि बागायतदारांना फॉर्ममध्ये त्याचा मजकूर हवा झाला, फॉर्म लांबला, पण आता उंचीची काळजी नव्हती. उलट त्याच्या आदल्या वर्षी आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलीने डिझाइनमध्ये एका डब्याला १०० व्हीएच उंची दिली होती, म्हणजे स्क्रीनएवढी. फ्रेमच्या आत स्क्रीन म्हणजे फ्रेमच, डबा फ्रेमएवढा, त्याखाली बटणाचे ४० पिक्सेल, म्हणून फ्रेम ४० ने वाढली, म्हणून डबा वाढला, म्हणून परत फ्रेम. टेस्टिंगला पान डोळ्यांसमोर खाली खाली पळत होतं. तिने स्वतःच अर्ध्या तासात कारण शोधलं आणि वहीत तिच्या अक्षरात एक पान आहे, "आत व्हीएच वापरू नये". आयफोनवर उलट त्रास रुंदीचा होता, तिथला ब्राउझर सफारी फ्रेमला आतल्या मजकुराएवढी ताणायचा, तिथे रुंदी १ पिक्सेल आणि किमान रुंदी १०० टक्के असं विचित्र लिहिलं की बरोबर बसायचं.

२०२० बद्दल थोडं सविस्तर लिहितो. आमचा फॉर्म तोवर कुकीवर, म्हणजे साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीवर, चालायचा, कोणी किती पेट्या निवडल्या ते कुकीतून कळायचं. फ्रेममधली कुकी म्हणजे ब्राउझरच्या लेखी परक्याची कुकी. फेब्रुवारीत क्रोम ८० ने सेमसाइटचा, म्हणजे परक्या पानात कुकी कधी चालेल याचा, नियम हळूहळू लावायला घेतला, त्यासाठी आम्ही कुकीवर नन (परक्या पानातही चालू दे) आणि सिक्युअर (फक्त सुरक्षित जोडणीवर) लिहिलं, तर आयओएस १२ च्या सफारीला नन कळतच नाही, ते त्याला सगळ्यात कडक नियम समजतं. २४ मार्चला सफारी १३.१ आलं आणि त्याने परक्या कुकी पूर्ण बंद केल्या, आणि त्याच रात्री देशात लॉकडाऊन जाहीर झाला. झाडावर आंबा तयार, बाजारपेठेचं काय होणार कोणाला ठाऊक नाही, ज्याला त्याला थेट घरपोच विकायचं, आणि आमच्या फॉर्मवर आयफोनवाल्यांच्या पेट्या दुसऱ्या पायरीवर शून्य दिसायच्या. क्रोमने एप्रिलमध्ये कोविडमुळे त्यांचा बदल मागे घेतला, सफारीचा मात्र तसाच राहिला. आम्ही तिघं आपापल्या घरून, नेट मिळेल तिथे गच्चीत बसून, सहा दिवसांत कुकी पूर्ण काढली. ऑर्डरचा एक तात्पुरता क्रमांक आतलं पान पोस्टमेसेजने बाहेर देतं, बाहेरचं पान तो लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या आपल्या स्वतःच्या कप्प्यात, ठेवतं आणि मागितला की परत देतं. नाव, पत्ता, फोन बाहेर जात नाही, फक्त क्रमांक. त्या सीझनला जेवढ्या बागा आमच्याकडे होत्या त्यातल्या एकाही बागायतदाराचा माल फॉर्ममुळे अडला नाही, आणि आत्तापर्यंतच्या कामात मला याच गोष्टीचं सगळ्यात जास्त समाधान आहे.

फ्रेम सोडून फॉर्म सरळ पानातच का टाकत नाही असं बरेच जण विचारतात. एक तर प्रत्येक साइटची सीएसएस, म्हणजे रंगरूपाचे नियम, वेगळी, कुठे टेबल लाल, कुठे इनपुट गोल, आमचा फॉर्म प्रत्येक ठिकाणी वेगळा मोडेल. आणि दुसरं, गिऱ्हाइकाचा पत्ता आणि मोबाइल नंबर पानावरच्या बाकीच्या स्क्रिप्टना वाचता येऊ नये. जी भिंत २००९ मध्ये आम्हाला नडली तीच आज आमच्या गिऱ्हाइकाची माहिती सांभाळते.

१५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोरर ११ बंद केला, त्या आठवड्यात आम्ही एक्सप्लोररसाठीच्या सगळ्या ओळी काढल्या. उंचीसाठी आता रिसाइझऑब्झर्व्हर आहे, मजकूर हलला की तोच सांगतो, दर २०० मिलिसेकंदाला बघत बसायला नको. आम्ही आज सहा जण आहोत, खोली तीच, शेजारची आणखी एक घेतली.

पावसवाल्या काकांची साइट आता त्यांचा मुलगा बघतो. गेल्या महिन्यात तिचं होस्टिंग बदलताना फोल्डरमध्ये आमची ती जुनी छोटी फाइल सापडली, २०१० च्या तारखेची, अकरा ओळींची. त्याने फोन करून विचारलं, "दादा, ही काढू का?" मी काढ म्हटलं, आणि काढायच्या आधी मला मेल कर म्हटलं.