१९७३ च्या आधीचा कागद

मी बर्मिंगहॅमला एका ॲडव्हाइस सेंटरमध्ये काम करते. थकलेलं भाडं, बंद झालेले बेनिफिट म्हणजे सरकारी भत्ते, घरमालकाची नोटीस, लाइटचं बिल अंगावर आलेलं, असलं सगळं घेऊन लोक येतात आणि आम्ही फॉर्म भरून देतो, फोन लावतो, पत्रं लिहितो. इमिग्रेशनचा सल्ला द्यायला इथे वेगळी परवानगी लागते, माझ्याकडे ती पहिल्या पायरीची आहे, म्हणजे साध्या केसेस मी बघायच्या आणि अवघड वकिलाकडे पाठवायच्या. पण २०१३ पासून इमिग्रेशनच्या बहुतेक केसेसना सरकारी खर्चाने वकील मिळणं बंद झालंय, त्यामुळे वकिलाकडे पाठवा म्हणायला सोपं, पाठवायचं कुठे आणि त्याची फी कोण भरणार.

२०१८ च्या जानेवारीत एक बाई आली. नाव लिहीत नाही, मावशी म्हणते, कारण ती सतरा वर्षं एका शाळेच्या किचनमध्ये जेवण बनवायची आणि आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंना आम्ही मावशीच म्हणायचो. वय साठ. जमैकात जन्मलेली, पण बोलणं अगदी पक्कं बर्मिंगहॅमचं, इथली जुनी माणसं लाडाने "बॅब" म्हणतात ना, तसं मलाही पहिल्या पाच मिनिटांत बॅब म्हणायला लागली. हातात सुपरमार्केटची पिशवी, तिचे बंद तुटलेले म्हणून गाठ मारलेली. पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बॅब, ते म्हणतायत मी इथली नाही."

गृहखात्याचं पत्र वाचलं. तुम्हाला या देशात राहण्याचा हक्क असल्याचा पुरावा आमच्याकडे नाही, तुम्ही देश सोडायची व्यवस्था करावी, नाहीतर तुम्हाला काढण्यात येईल. १९६५ च्या नोव्हेंबरात, आठ वर्षांची असताना, आईच्या पासपोर्टवर नाव लावून आलेली बाई ही. वडील चार वर्षं आधी येऊन फाउंड्रीत लागले होते, आई आल्यावर हॉस्पिटलात साफसफाईला लागली. त्यानंतर मावशी एकदाही देशाबाहेर गेली नाही. तिच्या आईची मोठी बहीण तिकडे किंग्स्टनला वारली तेव्हा तिकिटाला पैसे नव्हते म्हणून राहिलं. नंतर माझ्या लक्षात आलं की ते पैसे नव्हते तेच बरं झालं, कारण असे कितीतरी लोक अंत्यसंस्काराला किंवा सुट्टीला म्हणून कॅरिबियनमध्ये गेले आणि परतीच्या विमानात त्यांना बसूच दिलं नाही, वर्षानुवर्षं तिकडे अडकून पडले.

तिचं सगळं बिनसलं २०१६ मध्ये. शाळेच्या किचनचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे गेलं, नव्या कंपनीने सगळ्यांचे कागद नव्याने तपासले, पासपोर्ट किंवा राहायच्या परवानगीचं बायोमेट्रिक कार्ड दाखवा म्हणाले. तिच्याकडे दोन्ही नव्हतं. कधी लागलंच नव्हतं! कागद नसलेला माणूस कामावर सापडला तर मालकाला त्या वेळी वीस हजार पौंडांपर्यंत दंड होता, मग कंपनी कशाला धोका पत्करेल, शुक्रवारी सांगितलं सोमवारपासून येऊ नका. मग बेनिफिट मागायला गेली तर तिथेही तोच प्रश्न. मग भाडं थकलं. मग मुलीच्या घरी सोफ्यावर.

हे सगळं चुकून झालं असं मला कधीच वाटलं नाही. थेरेसा मे गृहमंत्री असताना त्यांनी २०१२ मध्ये उघड सांगितलं होतं की बेकायदा राहणाऱ्यांसाठी इथलं वातावरणच नकोसं करून टाकायचं, आणि २०१४ आणि २०१६ च्या कायद्यांनी ते करून दाखवलं. घरमालक, बँक, मालक, ड्रायव्हिंग लायसन्सवाले, सगळ्यांना तपासनीस करून टाकलं. भाडेकरूंचे कागद तपासायचा नियम तर देशात सगळ्यात आधी आमच्याच भागात सुरू झाला, डिसेंबर २०१४ ला, बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन, डडली वगैरे, आणि तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्यांच्या रांगेचा चेहराच बदलला. आधी नवीन आलेले यायचे. आता पांढऱ्या केसांचे लोक यायला लागले.

आणि त्यांचा हक्क तर कायद्यातच आहे. १९७१ चा इमिग्रेशन कायदा १ जानेवारी १९७३ ला लागू झाला, त्या दिवशी कॉमनवेल्थ देशातून आलेले जे लोक इथे स्थायिक होते त्यांना कायम राहायचा हक्क आपोआप मिळाला. अर्ज नको, फी नको. पण त्याचा कागद सरकारने कोणाला दिला नाही, आणि कोणाकोणाला हा हक्क मिळाला याची यादीही ठेवली नाही. पंचेचाळीस वर्षांनी तेच सरकार म्हणतंय दाखवा.

तर मावशीच्या केसमध्ये सगळा प्रश्न एवढाच होता की १ जानेवारी १९७३ च्या आधी ती इथे राहत होती हे कागदावर दाखवायचं, आणि त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाचाही काहीतरी पुरावा हवा. मला वाटलं सोपं आहे, टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्सची जुनी नोंद मागवली की झालं, या बाईने आयुष्यभर टॅक्स भरलाय. सहा आठवड्यांनी नोंद आली. पानंच्या पानं, बिस्किटाची फॅक्टरी, लाँड्री, हॉस्पिटलचं कॅन्टीन, शाळा. पहिली ओळ बघितली आणि माझ्या पोटात गोळा आला. ऑगस्ट १९७३. ती सोळाव्या वर्षी शाळा सुटल्यावर कामाला लागली, उन्हाळ्यात. सात महिने उशीर! त्रेचाळीस वर्षांचा टॅक्स आणि त्यातला एक पेनीही तारखेच्या योग्य बाजूला नाही.

मी तिला विचारलं, १९७३ च्या आधीचं काही आहे का. हा प्रश्न मी रोज कोणाला ना कोणाला विचारते, पण त्या दिवशी माझ्या तोंडून तो त्या पत्रासारखाच वाटला. तिने पिशवी उलटी केली. आईच्या मयताची छापील पत्रिका, एक पोहण्याचं सर्टिफिकेट ज्यावर शाळेचं नाव होतं पण वर्ष नव्हतं, चर्चच्या संडे स्कूलमध्ये बक्षीस मिळालेलं बायबल, आत शाईने तिचं नाव आणि "ईस्टर १९६९". मी आनंदाने उडालेच, आणि मग आठवलं की असल्या वस्तूंना ते अधिकृत पुरावा मानत नव्हते. आईचा पासपोर्ट घर रिकामं करताना कचऱ्यात गेला होता.

मी २००६ ला पुण्याहून आले. माझ्याकडे व्हिसाचे सगळे स्टॅम्प, पहिल्या भाडेकराराची कॉपी, लायब्ररीच्या कार्डाचं पत्रसुद्धा फाइलमध्ये आहे, कारण निघताना बाबांनी सांगितलं होतं की परदेशात कागद म्हणजे जीव. मला कायम माहीत होतं की मी बाहेरची आहे म्हणून मी जपलं. मावशीला कोणी कधी सांगितलंच नाही की ती बाहेरची आहे, तर ती कशाला जपेल? तुम्ही तुमच्या पाचवीच्या शाळेतला हजेरीचा पुरावा जपलाय का?

शाळा. तिथूनच सुचलं. तिची प्राथमिक शाळा कधीच पाडलेली, तिथे आता फ्लॅट्स आहेत. कौन्सिलला फोन केला, त्यांनी दुसरा नंबर दिला, त्यांनी तिसरा, शेवटी कळलं की बंद झालेल्या शाळांची जुनी रजिस्टरं शहराच्या अर्काइव्हमध्ये जातात, सगळी नाही पण काही. बाकी लोकांना ती इतक्यात बघायला मिळत नाहीत, पण स्वतःची नोंद मागता येते. अर्ज केला, आणि मार्चमध्ये एका बुधवारी आम्हाला बोलावलं.

त्या दिवशी बाहेर बर्फ वितळून चिखल झालेला आणि मावशी चर्चला जायचा कोट आणि हॅट घालून आलेली. मी विचारलं नाही पण तीच म्हणाली, "नीट दिसलेलं बरं, बॅब." आत पेन न्यायला बंदी, फक्त पेन्सिल. तिथल्या मुलीने फोमच्या उशीवर एक मोठं हिरवट कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर ठेवलं आणि बाकी मुलांच्या नोंदी झाकायला वरखाली पांढरे कागद लावले. मधल्या फटीत एकच ओळ. निळी शाई, उभट सुंदर अक्षर. प्रवेशाची तारीख २२ नोव्हेंबर १९६५. जन्मतारीख. वडिलांचं नाव, घराचा पत्ता. आधीची शाळा या रकान्यात फक्त एक शब्द, जमैका. आणि तिच्या नावाचं स्पेलिंग आधी चुकलेलं, लाल शाईने खोडून वर नीट लिहिलेलं.

मावशी बराच वेळ काही बोललीच नाही. मग तिने बोट पुढे केलं आणि हात न लावता त्या लाल शाईवर हवेतच फिरवलं. म्हणाली, बाईंनी चुकीचं लिहिलं म्हणून माझी आई पहिल्याच आठवड्यात कामावरून सुट्टी काढून शाळेत गेली होती, म्हणाली माझ्या मुलीचं नाव नीट लिहा. "बघ, ती आली होती." असं दोनदा म्हणाली, ती आली होती. मग रडली. मीही. त्या अर्काइव्हवाल्या मुलीने टिश्यूचा डबा आणला आणि रजिस्टरपासून लांब ठेवला, त्याचं मला त्या अवस्थेतही बरं वाटलं, इतक्या वर्षांनी कोणीतरी त्या पानाची काळजी घेतंय म्हणून.

पांढरा कागद किंचित सरकलेला होता आणि पुढच्या ओळीचा शेवटचा रकाना दिसला. आधीची शाळा, जालंधर. माझ्या डोक्यातून तो मुलगा अजून जात नाही. त्याच आठवड्यात आलेला कोणीतरी, आता साठीचा असेल, त्याच्याकडे कागद आहे का? लोकांना वाटतं हे फक्त कॅरिबियन लोकांचं झालं, पण १९७३ चा तो नियम भारतातून आलेल्यांनाही तसाच लागू होता आणि आपलेही लोक यात अडकले.

सही-शिक्क्याची कॉपी मिळाली, मोठ्या शाळेची नोंदही दुसऱ्या रजिस्टरमध्ये सापडली, अर्ज गेला. तोवर मी तिला सांगून ठेवलं होतं की गृहखात्याने हजेरीला बोलावलं तर एकटी जायचं नाही, मला फोन करायचा. आमच्यापासून ट्रेनने वीस मिनिटांवरच्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या पॉलेट विल्सन यांची बातमी गार्डियनमध्ये आदल्या नोव्हेंबरातच आली होती, लहानपणी आलेल्या, एकेकाळी पार्लमेंटच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक केलेल्या, त्यांना उचलून डिटेन्शन सेंटरमध्ये ठेवलं होतं. भीती काल्पनिक नव्हती.

एप्रिलमध्ये हे सगळं बाहेर फुटलं, त्यालाच विंडरश प्रकरण म्हणतात. खासदार डेव्हिड लॅमी पार्लमेंटमध्ये बोलले, तोवर पंतप्रधान झालेल्या मे यांनी कॅरिबियन देशांच्या नेत्यांची माफी मागितली, महिनाअखेर गृहमंत्री अँबर रड यांनी राजीनामा दिला. पण मला त्या सगळ्यात एकच बातमी लागली. जहाजाने आलेल्या लोकांच्या उतरतानाच्या नोंदींची हजारो जुनी कार्डं लंडनमधल्या क्रॉयडनला गृहखात्याच्या एका ऑफिसात होती, ती २०१० मध्ये नष्ट केली. जागा बदलायची म्हणून! मी ऑफिसमध्ये जेवायच्या सुट्टीत हे वाचलं आणि डबा तसाच बंद केला. मावशी विमानाने आलेली, तिचं कार्ड त्यात असतं की नसतं ते सोडा, पण ज्यांनी स्वतःकडचे कागद फेकले तेच एका साठ वर्षांच्या बाईला विचारत होते की तुझे कुठे आहेत.

जुलैमध्ये तिचं कार्ड आलं. ते घेऊन ती सेंटरवर आली, सोबत रताळ्याचं पुडिंग, अख्खा ट्रे. कार्ड माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "यात जे लिहिलंय तेच मी दोन वर्षं सांगत होते ना, बॅब?" मी हो म्हटलं. शाळेतली नोकरी काही परत मिळाली नाही, तिथे दुसरी बाई लागली होती.

२०१९ च्या एप्रिलमध्ये नुकसानभरपाईची योजना सुरू झाली तेव्हा आम्ही परत त्याच टेबलावर बसलो. नोकरी कधी गेली, किती पगार बुडाला, घर का सोडावं लागलं, प्रत्येकाला पुरावा जोडा. कंपनीचं पत्र हवं होतं की कामावरून का काढलं. ते तर तोंडी सांगितलं होतं, शुक्रवारी, किचनच्या दारात. मावशीने पिशवी उघडली, आता नवीन आहे, चेनवाली, आत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये रजिस्टरची ती कॉपी सगळ्यात वर. "हे चालेल का?" मी म्हटलं हे नाही मावशी, दुसरं लागेल, आणि त्या कंपनीचा नंबर शोधायला घेतला.