आत्याच्या घरातलं वायरिंग

आज दिवसभर साताऱ्याला आत्याकडे होतो. गिझर लावला की घरातले दिवे मंद व्हायचे, म्हणून वायरमन काकांना बोलावलं होतं. त्यांनी माळ्यावरची लाकडी पट्टी उचकटली, आतली वायर जरा वाकवली आणि वरचं रबर खपल्यांसारखं गळून पडलं. आत उघडी तार, शेजारी जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. पोटात गोळाच आला.

त्याहून वाईट होता फ्यूज. चिनीमातीच्या किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजची तार बसवायच्या खाचेत, जास्त करंटने वितळणारी बारीक तार नव्हतीच, कुणीतरी जाड तांब्याची तार पिळून बसवलेली. सारखा उडतो म्हणून केलेला इलाज! अहो, उडतो म्हणजेच तो आपलं काम करतोय. जाड तार वितळत नाही, मग तापते ती पट्टीतली वायर. २ किलोवॅटचा गिझर ९ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो आणि ही वायर टाकलेली दिवे-पंख्यांपुरती. अर्थिंगही नाही. थ्री-पिन सॉकेटच्या वरच्या भोकामागे वायरच जोडलेली नव्हती.

"अरे, इतकी वर्षं चाललंय की," आत्या म्हणाली. तिला खर्चाची धास्ती आहे, ते कळतं मला. म्हणून आधी अर्थिंग, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) आणि गिझरला बोर्डापासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची वायर एवढं ठरवलं. बाकी खोल्या दिवाळीनंतर. माळ्याची लाइन मात्र आजच तोडून घेतली. तोवर आंघोळीचं पाणी गॅसवर.