ताप आहे, पण सर्दी-खोकला नाही

लहान बाळाला ताप आला की आपल्याकडे आधी दात आठवतात. माझा मुलगा आठ महिन्यांचा असताना त्याला सणसणून ताप भरला. नाक वाहत नव्हतं, खोकला नव्हता, नुसती किरकिर आणि दूध नको. आई तेव्हा पुण्याहून इथे मेलबर्नला आलेली. "अगं, दात येतायत त्याला," ती म्हणाली. दात येताना अंग जरा कोमट लागतं, हे खरं; पण 102 च्या वरचा ताप दातांचा नसतो. इथल्या डॉक्टरीणबाईंनी कान, घसा, छाती तपासली, काहीच सापडलं नाही, आणि लगेच म्हणाल्या, "आता लघवी तपासायला हवी."

ताप आहे पण कारण दिसत नाही, अशा शंभर तान्ह्या बाळांत साधारण पाच ते सात जणांना लघवीचा जंतुसंसर्ग निघतो. मोठ्या मुलाला उन्हाळी लागली तर ते सांगतं, शू करताना रडतं, पुन्हापुन्हा बाथरूमला पळतं. तान्हं बाळ काय सांगणार? ताप, उलटी, मलूल पडणं, दूध तोडणं, एवढंच दिसतं. बहुतेक वेळा दोषी असतो आतड्यातला ई. कोलाय जंतू. तो मूत्रपिंडापर्यंत चढला आणि उपचाराला उशीर झाला, तर तिथे कायमचे व्रण राहू शकतात. म्हणून निदान वेळेवर हवं, आणि तितकंच ते बरोबर हवं.

खरी कसोटी असते ती लघवी गोळा करण्यात. नर्सने त्याचा डायपर काढला, जागा स्वच्छ पुसली आणि निर्जंतुक डबी माझ्या हातात दिली. मग गार सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजने बेंबीखाली, ओटीपोटावर हळूहळू गोल चोळायला लागली. नवरा त्याला काखेत धरून उभा, मी डबी घेऊन टपून बसलेली. तीन-चार मिनिटांत धार आली आणि मी ती अर्ध्यातच झेलली. ही युक्ती मेलबर्नच्याच रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये 354 बाळांवर पारखून पाहिली गेली. अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. गार गॉजने चोळलेल्या बाळांपैकी 31 टक्क्यांनी पाच मिनिटांत शू केली, नुसती वाट पाहिली त्यांच्यापैकी 12 टक्क्यांनी. म्हणजे दर वेळी जमेलच असं नाही, पण खर्च शून्य आणि बाळाला टोचणं नाही.

आपल्याकडे बऱ्याच लॅबमध्ये चिकटवायची पिशवी देतात. ती सोयीची असते, पण आत पडलेल्या लघवीत कातडीवरचे आणि शीचे जंतू मिसळतात. त्या पिशवीतल्या नमुन्यात काहीच सापडलं नाही तर ठीक. पण 'जंतू आहेत' असा रिपोर्ट आला, तर ते लघवीतले की कातडीवरचे हे कोण सांगणार? झेललेल्या लघवीतही चारात एखादा नमुना असा बिघडतो. कॅथेटरने, म्हणजे शूच्या जागेतून मूत्राशयात घातलेल्या बारीक नळीने, घेतलेल्यात प्रमाण बरंच कमी. बाळ फार आजारी असेल तर इथे वाट न बघता कॅथेटरच घालतात आणि औषध सुरू करतात. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं, तर सरळ हॉस्पिटल गाठायचं.

लघवीत बुडवून रंग बघायच्या पट्टीच्या तपासणीचंही एक समजून घ्या. पट्टीवर नायट्राइट, म्हणजे जंतूंनी लघवीत तयार केलेलं रसायन, दिसायला लघवी मूत्राशयात काही तास साचावी लागते, आणि तान्ही बाळं तर घडीघडीला शू करतात. त्यामुळे नायट्राइट नाही म्हणजे संसर्ग नाही, असं त्यांच्या बाबतीत धरून चालत नाही. शेवटचा शब्द कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्याचा, आणि त्याला दोन दिवस तरी लागतात. म्हणून नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्यायचा. एकदा औषध पोटात गेलं की कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत आणि नेमकं काय होतं ते कळायचा मार्ग बंद होतो. लॅब लांब असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिली की त्यातले जंतू वाढत जातात.

हे सगळं आज लिहायचं कारण माझी धाकटी बहीण. तिची दहा महिन्यांची लेक तिकडे नाशिकला तापली. पिशवीतल्या लघवीत पस सेल्स (पू-पेशी, संसर्गाची एक खूण) जास्त दिसल्या आणि बहिणीने घाबरून मला फोन केला. मी तिला एवढंच म्हटलं, "डॉक्टरांना विचार, कॅथेटरने नमुना घेऊन कल्चर करता येईल का?" भारतातल्या बालमूत्रपिंडतज्ज्ञांच्या सूचनाही कल्चरसाठी पिशवी नको असंच सांगतात. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, पोरगी तशी खेळती होती, त्यांनी नमुना घेऊन कल्चरला पाठवला आणि थांबायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि अंगभर बारीक गुलाबी पुरळ उठलं. लहान मुलांत नेहमी दिसणारा विषाणूचा ताप निघाला तो. कल्चरमध्ये काहीच वाढलं नाही. अँटिबायोटिक द्यावंच लागलं नाही.