बर्फाच्या कारखान्यातलं गाऱ्हाणं

मालवणात माझी रेकॉर्डिंगची खोली आहे, गेली २२ वर्षं. गिऱ्हाईक ठरलेलं. डबलबारीचे बुवा, दशावतारी कंपन्या, गणपतीच्या आधी आरत्या करून घेणारी मंडळं. डबलबारीत भजन गाणारे दोन बुवा सामन्याला समोरासमोर बसतात, गजर चढत जातो आणि पखवाज-झांज अशा लयीला पोचतात की मीटर लाल रेघेवरून खाली यायचं नाव घेत नाही. माझे कान त्या वेगावर घडलेत. संपादनाला बसलो की हात पहिल्यांदा जातो तो रिकाम्या जागांकडे. बुवा खाकरले, काप. दोन कडव्यांमध्ये श्वास लांबला, काप.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तीन पोरं आली. एक बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, तो गिटार वाजवतो आणि गातो. दुसरा ट्रॉलरवर खलाशी, त्याच्याकडे बेस गिटार. तिसऱ्याला मी ओळखत होतो, आमच्याच एका भजन मंडळात पखवाजावर बसणारा. तो आता ड्रम वाजवत होता. डूम मेटल नावाच्या प्रकारातलं एकच गाणं करायचं होतं आणि तेही एका दिवसात, कारण मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते आणि मग खलाशी पोर हाती लागत नाही.

माझ्या खोलीत त्यांनी पंधरा मिनिटं वाजवलं आणि थांबले.

"काकानू, खोली चांगली आसा तुमची," गिटारवाला म्हणाला, "पण हंय आवाज लवकर मरता."

बरोबर होतं त्याचं. भजनाला मरणारा आवाज लागतो, नाहीतर शब्द एकमेकांत मिसळतात. ड्रमवाल्याच्या मामांचा बर्फाचा कारखाना बंदीमुळे दोन महिने बंद होता. तिथे जाऊ, म्हणाले. रविवारी सकाळी नऊ वाजता मी लॅपटॉप, इंटरफेस, आठ माइक आणि सवयीने पेटी घेऊन तिथे पोचलो. चिऱ्याच्या उंच भिंती, वर पत्रा, एका बाजूला रांगेत पालथे घातलेले बर्फाचे डबे. टाळी वाजवली तर ती भिंतींवरून दोन-तीनदा परत आली. राखणदार तात्या दारात खुर्ची टाकून बसले होते. पावसाच्या सरी येत-जात होत्या. सर आली की पत्र्यावर काही ऐकू येत नसे. म्हणजे दोन सरींच्या मध्ये जेवढं मिळेल तेवढंच काम.

तारा जोडताना मी विचारलं, हे तुमचं डूम मेटल म्हणजे नक्की काय? गिटारवाल्याने जे सांगितलं ते मी नंतर घरी बसून ऐकलं, म्हणून इथे खात्रीने लिहितो.

हा हेवी मेटलचा अगदी संथ आणि जड प्रकार. मूळ इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या बँडमध्ये. त्यांचा गिटारवादक टोनी आयॉमी १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. कारखान्यातल्या एकाने त्याला जँगो राईनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजून दोन बोटं निकामी झालेला तो वादक. मग आयॉमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांवर चामडं लावलं, बॅंजोच्या पातळ तारा चढवल्या आणि पुढे तारा उतरवून सैल केल्या. १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये तो तीन अर्धस्वर, म्हणजे पेटीच्या तीन पट्ट्या, खाली आलेला आहे. दुखणाऱ्या बोटांना सैल तार सोपी जाते, आणि सैल तार जड वाजते. गॅरेजमध्ये हात काळे करणारा हा पोर ते सांगताना स्वतःच्या बोटांकडे बघत होता.

सॅबथचा पहिला अल्बम १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये एका दिवसात रेकॉर्ड झाला, सगळे एकत्र वाजवून. पोरांचा 'एका दिवसात' हा हट्ट तिथून आला होता. पुढे ऐंशीच्या दशकात मेटलवाले वेगाच्या मागे लागले तेव्हा कॅलिफोर्नियाचा सेंट व्हायटस हळूच वाजवत राहिला. स्वीडनच्या कँडलमासने १९८६ मध्ये पहिल्या अल्बमच्या नावातच 'डूम' हा शब्द घातला. नंतर इंग्लंडच्या उत्तरेकडे पॅराडाइज लॉस्ट आणि माय डाइंग ब्राइड आले. माय डाइंग ब्राइडमध्ये तर व्हायोलिन आहे. स्लीप नावाच्या बँडने तासाभराहून मोठं एकच गाणं केलं. आपल्याकडे बंगळूरचा जिन अँड मिस्काटॉनिक, ज्यात सुरुवातीला गिटारच नव्हती, नुसता बेस आणि ड्रम. हे ऐकून खलाशाला धीर आला होता, असं तो म्हणाला.

त्यांची सुरुवात २०२० च्या टाळेबंदीतली. मोडलेल्या एका ऑर्केस्ट्राचा ड्रमसेट आणि बेस स्वस्तात मिळाला, गिटार जुनी घेतली. पहिल्यांदा गणपतीत वाडीच्या मांडवात वाजवलं तेव्हा लोक गाणं सुरू व्हायची वाट बघत राहिले. त्यानंतर त्यांनी कुणासमोर वाजवलं नाही.

गाणं बांधायची त्यांची रीत मला फार आवडली. गिटारवाला एक तुकडा घेतो, त्याला ते रिफ म्हणतात, आणि तो अर्धा तास न थांबता वाजवतो. दुसरे दोघे नुसते ऐकतात. अर्ध्या तासाने कुणालाही कंटाळा आला तर तो तुकडा टाकून द्यायचा. या गाण्याआधी असे नऊ टाकले होते. लय त्यांनी रापणीवरून, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरून, घेतली होती. रापणीचा दोर ओढताना माणसं वजन मागे टाकून एकेक पाऊल मागे सरतात, ती चाल. मोजली तर मिनिटाला ५० ठोके. म्हणजे एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत जवळजवळ सव्वा सेकंद.

सव्वा सेकंद किती मोठा असतो हे मला त्या दिवशी कळलं. मी कानात क्लिक, म्हणजे लय मोजणारी टिकटिक, दिला. ड्रमवाला प्रत्येक ठोक्याला केसभर आधी पोचत होता. जलद लयीत हात स्वतःच्या वजनाने चालतो. इथे काठी वर धरून थांबायचं असतं, आणि थांबलेल्या हाताला धीर राहत नाही. चार वेळा केलं, चारही वेळा लय पुढे पळाली. पोरगा रडकुंडीला आला.

मी म्हटलं, "तुका चौताल येता मां? मग मनात तो बोल."

रिफ बारा ठोक्यांची होती आणि चौतालाच्या मात्राही बारा. मी क्लिक बंद केला. त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या, डोळे मिटले आणि ओठांत 'धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन' सुरू केलं. मग प्रत्येक मात्रेच्या पोटात आणखी चार अक्षरं भरली. विलंबित ख्यालाला साथ करणारा तबलजी हेच करतो. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित झूमरा तालात दोन मात्रांमधली जागा कुणीतरी मनातल्या मनात भरत असतो म्हणूनच ती रिकामी वाटते. पाचव्या वेळी बारावरून एकावर तो असा आला की माझ्या छातीत हललं. एक आवर्तन १४ सेकंदांहून थोडं जास्त. आम्ही कुणी काही बोललो नाही.

मग आली हमची, म्हणजे विजेच्या गुणगुणीची, अडचण. जुना अॅम्प्लिफायर, अर्थिंग कच्चं, त्यामुळे ठोक्यांच्या मधल्या शांततेत सतत गुणगुण. मी बाहेर ओल्या मातीत लोखंडी सळई ठोकून तार जोडली. गुणगुण कमी झाली, गेली नाही. वैतागून पेटी उघडली आणि ती कुठल्या पट्टीत आहे ते शोधलं. आपली वीज ५० हर्ट्झची. पांढरी पाच अगदी खालच्या सप्तकात ४९ च्या आसपास येते. पोरांनी गिटार पांढरी एकपर्यंत उतरवलेली. म्हणजे हा आवाज त्यांच्या षड्जाचा पंचमच होता, किंचित चढा. मी सळई ठोकायची थांबवली.

पेटी उघडलीच होती म्हणून त्यांची रिफही वाजवून बघितली. काळी एक आणि पांढरी पाच, हेच दोन मुख्य स्वर. त्यांच्यात सहा श्रुती नव्हे, पेटीच्या सहा पट्ट्यांचं अंतर. युरोपात या अंतराला जुन्या काळी 'संगीतातला सैतान' असं नाव पडलं, आणि सॅबथचं त्यांच्याच नावाचं गाणं याच दोन स्वरांवर उभं आहे. गिटारवाल्याने ते तिथून उचललं होतं. त्यात काही चूक नाही, शिकणारा कुठून तरी उचलतोच. पण पांढरी एक षड्ज धरला की हेच दोन स्वर होतात कोमल रिषभ आणि पंचम. माझ्या गुरुजींनी श्री राग शिकवताना रे वरून प ला जायची ती झेप महिनाभर घोटून घेतली होती. दिवस मावळतानाचा राग. त्या झेपेत भक्ती आहे तितकंच भयही आहे.

मी पेटीवर षड्ज दाबून धरला आणि त्याला म्हटलं, आता वाजव. त्याने वाजवलं. दोन आवर्तनं झाल्यावर खलाशी उठला, बेस घेतला. तोवर तो गिटारच्या मागे मागे तेच स्वर वाजवायचा. आता तो सर्वांत खालची सैल तार छेडून तिथेच थांबून राहिला. वर गिटार रे-प, खाली सा हलत नाही. गाणं बदललं. अर्धा तास थांबायची गरज कुणालाच वाटली नाही.

दुपारी भाकरी आणि सुक्या बांगड्याची किसमूर खाताना शब्दांचा विषय निघाला. शब्द ते सगळ्यात शेवटी लिहितात. गिटारवाल्याने वहीचं एक पान पुढे केलं. ते गाऱ्हाणं होतं. 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरू होणारं, घाटावरच्या वाचकांना माहीत नसेल तर सांगतो, एकजण देवाला घालतो आणि प्रत्येक ओळीनंतर जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात.

११ नोव्हेंबर २००९, फयान वादळ. त्याचे काका दोन दिवस आधी होडी घेऊन खोल समुद्रात गेले होते. तेव्हा हा सहा वर्षांचा. आजी त्याला कडेवर घेऊन किनाऱ्यावर जायची आणि एकटीच गाऱ्हाणं घालायची. लोक आपापली माणसं शोधत होते, कोण कोणाला 'व्हय म्हाराजा' म्हणणार? होडीची फळी मिळाली. काका मिळाले नाहीत.

मी पान परत दिलं. मग सकाळपासून मनात होतं ते बोललो, की ओळींच्या मधली जागा फार लांब आहे, ऐकणारा टिकणार नाही, मी संपादनात थोडी आवळतो.

"काकानू, मधली जागा कापू नकात," तो म्हणाला. "थंय 'व्हय म्हाराजा' येवक होया. ता येणा नाय. म्हणान ती जागा."

२२ वर्षं मी जे कापत आलो ते काय होतं, असं क्षणभर वाटून गेलं. बारीक आवाज आपोआप कापणारा गेट बंद केला, काहीच कापायचं नाही असं ठरवलं, आणि हॉलच्या टोकाला दोन माइक जास्तीचे लावले, फक्त विरणारा आवाज धरायला.

साडेचारच्या सुमाराला पाऊस खळला. पहिला टेक पाचव्या मिनिटाला सरीने बुडवला. दुसऱ्यात बेसची तार सुटली. तिसरा अंगावर काटा आणणारा चालला होता. पोर गात नव्हता, ओरडतही नव्हता, वाडीतला गावकर देवळात उभा राहून बोलतो तसं एकेक अक्षर ठेवत होता. तिसऱ्या ओळीनंतर ठोका विरला, हम तेवढा उरला, आणि दारातून स्पष्ट आवाज आला, "व्हय म्हाराजा."

तात्या. डोळे मिटून, हात जोडून. जन्मभराची सवय, गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंडातून ते निघतंच.

सगळे थांबले. तात्या गोंधळले. "माजा काय चुकला?"

ड्रमवाल्याला तो आवाज ठेवायचा होता, गाण्यात देवच बोलला म्हणाला. मलाही ठेवावासा वाटत होता, खरं सांगतो. हेडफोनमध्ये तो इतका जवळून आला होता. गिटारवाला बराच वेळ तारांवर हात ठेवून बसला. मग उठून तात्यांकडे गेला, त्यांच्या शेजारी उकिडवा बसला आणि काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. तात्यांनी मान हलवली. परत येऊन म्हणाला, "परत घेवया. आजयेक कोणी उत्तर दिल्यान नाय."

चौथा टेक ११ मिनिटांचा. सेहेचाळीस आवर्तनं, लय एकदाही पळाली नाही. ओळ संपायची, ठोका पडायचा, आवाज चिऱ्यांवरून फिरून यायचा, मग नुसती पंचमाची गुणगुण आणि लांबवर समुद्र. शेवटचा षड्ज पूर्ण विरेपर्यंत मी मीटरकडे बघत बसलो. कुणी हललं नाही. पत्र्यावर पुढच्या सरीचे पहिले थेंब वाजले तेव्हा मी बटण दाबलं आणि हेडफोन काढला.

तात्या अजून तसेच बसले होते, तळहाताने तोंड घट्ट दाबून, डोळे भरलेले. हात जरासा बाजूला करून त्यांनी मला विचारलं, "आता बोललंय तर चलात मां?"