सही इन्स्टॉलमध्ये करा, आणि तीही सगळ्यात शेवटी

सीमेकवर, म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर बिल्ड आणि इन्स्टॉल करून देणाऱ्या टूलवर, प्रोजेक्ट असेल आणि मॅक, विंडोज दोन्हीकडे सॉफ्टवेअर द्यायचं असेल तर कोड साइनिंग, म्हणजे फाइल आपलीच आहे आणि कोणी बदललेली नाही हे सांगणारी डिजिटल सही, बिल्डमध्ये नको, इन्स्टॉलमध्ये करा, हे मी आमच्या बडोद्याच्या ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला सांगते. आणि बहुतेकांचा प्रश्न तोच, ताई, बायनरी, म्हणजे चालवायची फाइल, तयार झाली की तिथेच बिल्ड संपताना, पोस्ट बिल्डला सही केली तर काय बिघडतं?

बिघडतं असं की इन्स्टॉल म्हणजे नुसती फाइल उचलून दुसरीकडे ठेवणं नाही. कॉपी झाल्यावर सीमेक त्यातला आरपाथ, म्हणजे लायब्ररी कुठे शोधायच्या तो पत्ता, बदलतं, मॅकवर त्यासाठी इन्स्टॉल नेम टूल चालतं, स्ट्रिप सांगितलं असेल तर सिम्बॉल, म्हणजे आतली फंक्शनची वगैरे नावं, तीही काढतं, आणि सही तर फाइलच्या बाइट्सवर असते, त्यात काही हललं की ती गेली. टूल तशी वॉर्निंग देतं, पण एवढ्या लांब लॉगमध्ये ती कोण वाचतंय. मग ॲपलच्या एम वन चिपवाल्या मॅकवर सही बिघडलेलं ॲप चालवलं की सिस्टिम ते लगेच बंद पाडते, टर्मिनलवर फक्त 'किल्ड: 9', बास, आणि पोरं कोडमध्ये बग शोधत बसतात.

शिवाय रोजच्या बिल्डला सही हवीय कशाला? जून 2023 पासून विंडोजच्या कोड साइनिंगची नवीन किल्ली (प्रायव्हेट की) हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, म्हणजे यूएसबी टोकन नाहीतर क्लाउड. दर कंपाइलला टोकनचा पिन आणि सहीची वेळ नोंदवणाऱ्या टाइमस्टॅम्प सर्व्हरच्या फेऱ्या कोण करणार? नवरात्रात तर संध्याकाळ झाली की आमच्या ऑफिसात कोणी सापडत नाही, सगळे गरब्याला, त्यात बिल्ड पिनच्या खिडकीवर अडकून राहिली तर रिलीज सकाळपर्यंत लटकलं.

आता खरी मेख क्रमाची आहे. सहीची स्क्रिप्ट सीमेकच्या इन्स्टॉल कोड किंवा इन्स्टॉल स्क्रिप्ट या कमांडने लावायची, पण सीमेक 3.14 च्या आधी सबडिरेक्टरीतले इन्स्टॉल नियम वरच्या फोल्डरचे सगळे संपल्यावर चालायचे, त्यामुळे वरच्या फाइलमध्ये अगदी शेवटी लिहिलेली सही लायब्ररी कॉपी व्हायच्या आधीच होऊन जायची. सीएमपी 0082 ही पॉलिसी, म्हणजे जुनं वागणं की नवं ते ठरवणारी सेटिंग, न्यू केली की लिहिल्या क्रमानेच चालतं. जुन्या प्रोजेक्टमध्ये मिनिमम व्हर्जन 3.10 वगैरे लिहिलेलं असतं, म्हणून सीमेक कितीही नवीन टाकलं तरी वागणं जुनंच, हे आधी बघा.

दुसरं, इन्स्टॉल प्रीफिक्स, म्हणजे फाइल कुठे जाणार तो फोल्डर, कॉन्फिगरच्या वेळी पक्का होऊ देऊ नका. स्क्रिप्टमधल्या व्हेरिएबलच्या डॉलरच्या आधी बॅकस्लॅश द्या किंवा सगळा कोड दुहेरी चौकोनी कंसात टाका, आणि प्रीफिक्सच्या आधी डेस्टडिर (इन्स्टॉल दुसऱ्याच फोल्डरखाली वळवणारं व्हेरिएबल) जोडा, कारण सीपॅक, सीमेकचं पॅकेज बनवणारं टूल, स्वतःच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करतं आणि तुमची स्क्रिप्ट मात्र तिकडे यूझर लोकलमधली जुनीच फाइल साइन करत बसते!

मॅकवर सही आतल्या लायब्ररींना आधी, बाहेरच्या बंडलला, म्हणजे अख्ख्या ॲपच्या फोल्डरला, शेवटी. साइन करताना आतलं सगळं एकदम घेणारा डीप फ्लॅग नको, तपासताना चालेल.

आणि स्क्रिप्टमधून सहीचं टूल चालवणारं सीमेकचं एक्झिक्यूट प्रोसेस, आतली कमांड फेल झाली तरी आपणहून थांबत नाही, सही झालीच नाही तरी इन्स्टॉल यशस्वी दिसतं, म्हणून 3.19 पासून आलेलं कमांड एरर इज फेटल एनी लिहाच लिहा. बाहेरच्या डीएमजीची, म्हणजे मॅकवर ॲप ज्या फाइलमधून देतात तिची, सही मात्र इथे होत नाही, ती पॅकेज बनल्यानंतरची गोष्ट, त्यासाठी त्याच 3.19 मध्ये सीपॅकच्या पोस्ट बिल्ड स्क्रिप्ट्स आल्यात.