बॅट टोकाला जड लागते तेव्हा

दिवाळी आटोपली की धुळे-जळगाव-नंदुरबारकडे गावोगावी टेनिस बॉलच्या टुर्नामेंटचे बॅनर झळकू लागतात आणि बॅट दुरुस्तीवाल्याकडे पोरांची रीघ लागते. बहुतेकांची तक्रार एकच: "बॅट हलकी शे, पन टोकले जड लागस." तक्रार खरी असते. तिच्यावर होणारा उपाय मात्र जवळजवळ नेहमी तोच, आणखी एक ग्रिप चढवून देणं. त्याने किती फरक पडतो, हे काट्यावर मोजून बघितलं तर फार कोणी ते करणार नाही.

आधी वजनाचं. दुकानात बॅट "दोन-आठ", "दोन-दहा" अशी विकली जाते, म्हणजे २ पौंड ८ औंस किंवा २ पौंड १० औंस. ग्रॅममध्ये ते अनुक्रमे साधारण ११३५ आणि ११९० होतात. एक औंस म्हणजे २८ ग्रॅम. स्टिकरवरचा आकडा कधी ग्रिपसकट असतो, कधी ग्रिपशिवाय, आणि एका ग्रिपचंच वजन ४५ ते ६० ग्रॅम भरतं. म्हणून स्टिकरवर विसंबू नका, स्वतः मोजा. जळगावचा सराफ मिलिग्रॅमपर्यंत तोलून देईल, पण इथे १ ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला पाच किलोचा डिजिटल काटा पुरतो.

पण एकूण वजनाने अर्धीच गोष्ट कळते. १२०० ग्रॅमच्या दोन बॅटी हातात घेतल्या तर एक सरसर उठते, दुसरी मनगट ओढते. फरक असतो तो वजन कुठे साठलंय याचा, आणि तोही मोजता येतो.

हॅन्डलच्या वरच्या टोकापासून १० सेंमीवर खूण करा. वरचा हात साधारण तिथे असतो. काट्यावर एक षटकोनी पेन्सिल आडवी ठेवून काटा शून्य करा. दुसरी पेन्सिल वह्या-पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा. बॅट पालथी, म्हणजे फेस (चेंडू मारायची सपाट बाजू) खाली करून, अशी टेकवा की हॅन्डलवरची खूण थप्पीच्या पेन्सिलवर येईल आणि टो, म्हणजे ब्लेडचं खालचं टोक, काट्यावरच्या पेन्सिलवर, अगदी कडेपासून १ सेंमी आत. बॅट आडवी सपाट हवी. थोडं उन्नीस-बीस चालतं. काट्यावर जो आकडा दिसेल त्याला मी टोक-वजन म्हणतो. मग काटा हॅन्डलखाली नेऊन उलटं मोजा. दोन आकड्यांची बेरीज बॅटच्या एकूण वजनाइतकी आली पाहिजे. चार-पाच ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर बॅट कुठेतरी तिसऱ्या जागी टेकली आहे.

उदाहरण घेऊ. ८५ सेंमी लांबीची, १२०० ग्रॅमची बॅट, तिचा तोल (बोटावर ठेवली की जिथे ती आडवी राहते ती जागा) हॅन्डलच्या टोकापासून ५४ सेंमीवर. खुणेपासून तोल ४४ सेंमी दूर, दोन आधारांमधलं अंतर ७४ सेंमी. १२०० गुणिले ४४ भागिले ७४, म्हणजे टोक-वजन सुमारे ७१३ ग्रॅम. पूर्ण मापाच्या बॅटीसाठी माझा अंदाज असा: ६९०च्या खाली असेल तर बॅट हलकी उठते, ६९० ते ७२० मध्यम, आणि ७४०च्या वर गेली की खांदे भरलेल्या माणसानेच ती वापरावी.

आता याच बॅटला ५० ग्रॅमची दुसरी ग्रिप चढवू. तोलाचा बिंदू ५४ वरून ५२.४ सेंमीवर सरकतो. बोटावर तोलून बघणाऱ्याला वाटतं, वा, बॅट सुधारली. पण टोक-वजन ७१३चं ७१६ होतं. कमी झालंच नाही, उलट तीन ग्रॅमने वाढलं, आणि एकूण वजन १२५० झालं ते वेगळंच. कारण ग्रिपचं सगळं वजन हाताच्या आसपासच असतं; टोक उचलायला त्याची काडीची मदत होत नाही. ग्रिपने जो बरा अनुभव येतो तो जाड मुठीचा असतो. मूठ भरली की पकड सैल ठेवूनही बॅट आवरते. मूठच बारीक असेल तर दुसरी ग्रिप जरूर चढवा, पण टोक हलकं करायला नको. फार जाड मुठीत खालच्या हाताची बोटं वळत नाहीत आणि मग तळहाताने बॅट ढकलली जाते.

गोल्फवाल्यांकडे यासाठी खास तराजू असतो. क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, मुठीकडच्या टोकापासून १४ इंचांवर आधार देऊन तोल बघतात आणि डी०, डी२ असे आकडे देतात. क्लबच्या डोक्याला साधारण २ ग्रॅम चिकटवले की आकडा एकाने वाढतो, आणि ग्रिप ४-५ ग्रॅमने जड केली की एकाने उतरतो. गंमत म्हणजे तिथेही तीच फसगत होते. जड ग्रिपने आकडा उतरतो, कारण ग्रिप आधाराच्या अलीकडे आहे; क्लब फिरवायला मात्र सोपा झालेला नसतो. आधार हाताच्या जागी ठेवून मोजलं की ही फसवणूक होत नाही.

हॅन्डलच्या वरच्या टोकाला भोक पाडून शिसं किंवा नट-बोल्ट भरायची टूम अधूनमधून निघते. ४० ग्रॅम भरले तर टोक-वजन जेमतेम ४ ग्रॅमने उतरतं आणि हॅन्डलचा वेत चिरतो. हा नाद सोडलेलाच बरा.

टोक खरोखर हलकं करायचं असेल तर आधी वरून चढवलेलं काढा. टो-गार्डचं रबर आणि त्याखालचं सोल्युशन मिळून १०-१५ ग्रॅम भरतं, आणि ते बसतं नेमकं सगळ्यात वाईट जागी. तिथला एक ग्रॅम टोक-वजनात पूर्ण एक ग्रॅमच धरला जातो. पूर्ण फेसवरची पारदर्शक शीट २५ ग्रॅमची असेल तर टोक-वजनात १७ ग्रॅम येतात. टोच्या वर थरावर थर गुंडाळलेली टेप काढून काट्यावर टाका. वीसेक ग्रॅम सहज निघतात. फक्त टेनिस बॉल खेळणाऱ्याला फेसवर शीट लागतच नाही. लेदरवाल्याने ती ठेवावी, नियमही त्याच्या आड येत नाही. एमसीसीच्या (क्रिकेटचे नियम ठरवणारा लंडनचा क्लब) नियमांप्रमाणे ब्लेडवरचं आवरण १ मिलिमीटरपर्यंत जाड चालतं. ब्लेड मात्र लाकडाचंच हवं. नियमात बॅटच्या वजनाला मर्यादा नाही, लांबी ९६.५२ सेंमी, रुंदी १०.८ सेंमी, आणि २०१७च्या संहितेपासून जाडी ६.७ सेंमी व कड ४ सेंमी अशा मर्यादा आहेत.

दुसरा उपाय फुकटातला आहे. बॅट २ सेंमी खाली धरा. वरचा हात १० वरून १२ सेंमीवर आला की तोल हातापासून ४४ऐवजी ४२ सेंमीवर येतो आणि हातावरची ओढ साडेचार टक्क्यांनी कमी होते. टोचे वीस ग्रॅम तासून एवढी कमी होत नाही. आठवडाभर असं खेळून जमलं तर हॅन्डल वरून तेवढं कापून घेता येतं. कापण्याआधी कापायच्या रेषेच्या खाली दोऱ्याच्या वेढ्यांवर गोंद लावून पूर्ण सुकू द्या, नाहीतर करवत लागताच दोरा उलगडत जातो. वडिलांची किंवा मोठ्या भावाची बॅट वापरणाऱ्या पोरासाठी हाच पहिला उपाय. त्याच्या बॅटीला तासायला घेणं म्हणजे चांगलं लाकूड वाया घालवणं.

एवढ्यानेही भागलं नाही तरच रंधा.

किती लाकूड काढल्यावर किती ग्रॅम जातात याचा अंदाज नसल्यामुळेच बहुतेक बॅटी बिघडतात. विलोच्या एका घन सेंटीमीटरचं वजन साधारण ०.४ ते ०.४५ ग्रॅम, काश्मिरी विलो सहसा थोडा जड. म्हणजे १० बाय १० सेंमी जागेवरून १ मिलिमीटर काढला की चार-साडेचार ग्रॅम गेले. टोच्या बाजूचा १५ सेंमी भाग घेतला तर १ मिलिमीटरला सात ग्रॅम. वीस ग्रॅम काढायचे तर पाठीमागून ३ मिलिमीटर काढावे लागतात, आणि त्याने टोक-वजन साधारण १८ ग्रॅमने उतरतं. २२ मिलिमीटर जाडीचा टो १९ वर येतो. १८च्या खाली जाऊ नये, यॉर्कर बसला की टो फाटतो. "शंभर ग्रॅम कमी करून द्या" म्हणणाऱ्याला नवीन बॅटच घ्यायला सांगावं.

उरलेलं पाठीवरच्या कण्याच्या (मधल्या उभ्या उंचवट्याच्या) खालच्या अर्ध्या भागातून आणि कण्याच्या दोन्ही अंगांनी कोरून काढा. खांद्याकडचं लाकूड तासायला सोपं म्हणून हात तिकडेच वळतो, पण तिथले ३० ग्रॅम काढून टोक-वजन फक्त ९ ग्रॅमने उतरतं. फेसला तर अजिबात हात लावू नका. तो थर कारखान्यात दाबून कठीण केलेला असतो. तो गेला की बॅट मेली. कडाही जाड राहू द्या.

आणखी एक, मैदान बघून ठरवा. काळ्या मातीवर रोलर फिरवून केलेल्या पिचवर टेनिस बॉल खाली राहतो आणि ब्लेडच्या खालच्या भागावर लागतो. तिथलंच लाकूड सगळं काढलं तर बॅट उठेल झकास, बॉल जाणार नाही. मॅटिंगवर लेदर खेळणाऱ्याला बॉल वर लागतो. त्याने टो थोडा जास्त उतरवला तरी चालतं. लेदर बॉलचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम, लॉन टेनिसच्या चेंडूचं ५६ ते ५९. हलक्या चेंडूला बॅटचा वेग जास्त कामी येतो, म्हणून टेनिसची बॅट हलकी आणि पाठीवर स्कूप, म्हणजे खोलगट भाग, कोरलेली चालते. तीच बॅट लेदरसमोर मनगटाला झिणझिण्या आणते.

प्रत्यक्ष काम असं. बॅट फेस खाली करून गोधडीवर ठेवा, शिकंज्याच्या जबड्यात लाकडी फळ्या घाला. स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून काढा, त्यांचेही चार-पाच ग्रॅम असतात. रंधा फुगवट्याकडून टोच्या बाजूला, उताराच्या दिशेने चालवा. चढाच्या दिशेने चालवला की रेषा उचकटतात आणि खपली निघते. पातं बारीक लावा, केस निघावा तसा पापुद्रा आला पाहिजे. दर पाच-सहा ओढींनंतर बॅट काट्यावर टेकवून टोक-वजन बघा आणि ठरवलेल्या आकड्याच्या ३-४ ग्रॅम आधीच थांबा, कारण पॉलिश पेपर तेवढं खातो. पेपर ८०, १२०, मग २२० नंबर. कोरलेल्या भागाला हाताने पेपर मारला की बोटांच्या खाचा पडतात. पेपर पाइपच्या तुकड्याला गुंडाळून घासा.

उघडं पडलेलं लाकूड तसंच ठेवू नका. पाठीला कच्च्या जवस तेलाचा एक हात, साधारण चहाचा एक चमचा. तोही साडेचार ग्रॅम भरतो, हिशेबात धरा. पेंटच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेल यासाठी नको. त्यात सुकवणारी द्रव्यं असतात, वर कडक पापुद्रा धरतो. आणि टोच्या तळाला तेल कधीच लावू नका. तिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, ती तेल शोषून घेतात आणि मेहनतीने काढलेलं वजन नेमकं त्याच जागी परत येतं. तळाला पांढऱ्या गोंदाचे दोन पातळ हात पुरतात. ओलसर मैदानावर खेळत असाल तरच वर पातळ रबर. तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात फेकू नका. जवस तेल सुकताना तापतं आणि ढिगातला बोळा आपोआप पेटू शकतो. एप्रिल-मेच्या उन्हात तर नक्कीच धोका. तो दोरीवर पसरून वाळवा.

शेवटचा मुद्दा हवामानाचा. भुसावळ-जळगावचा उन्हाळा पंचेचाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी ठणठणीत. ९०० ग्रॅमच्या ब्लेडमधला ओलावा एक टक्का कमी-जास्त झाला की आठ-नऊ ग्रॅमचा फरक पडतो, म्हणून ऑगस्टमध्ये मोजलेली बॅट मेमध्ये हलकी भरते. पावसाळ्यात टोक जड वाटतं म्हणून तासायला घेऊ नका. दसऱ्यानंतर पुन्हा मोजा आणि मगच ठरवा. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत उन्हाळाभर पडलेली बॅट हलकी होते हे खरं, पण ती फेसवर उभ्या रेषांत चिरते. घरातल्या थंड भिंतीला, जमिनीपासून वीतभर वर टांगलेली बरी.